पाऱ्यावरचे पिवळे स्फटिक

१८९५ साल. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील रसायनशाळेत एका भांड्यात पारा होता आणि त्यावर पाणी घालून सौम्य केलेले, थंड नायट्रिक आम्ल. पारा मुद्दामच जास्त घेतलेला होता. या दोघांच्या संयोगातून मर्क्युरस नायट्रेट नावाचा रंगहीन क्षार मिळतो, हे पुस्तकात छापलेले होते. हा क्षार भरपूर प्रमाणात करायचा आणि त्यापासून पुढे कॅलोमेल तयार करायचे, एवढाच बेत होता. कॅलोमेल हे त्या काळी डॉक्टर सर्रास देत असलेले रेचक. नवे काही शोधण्याचा यात हेतू नव्हता.

काही वेळाने पाऱ्यावर पिवळे, सुईसारखे स्फटिक जमू लागले. जो क्षार अपेक्षित होता त्याला रंग नसतो, आणि इथे तर स्पष्ट पिवळा रंग दिसत होता.

प्रयोगशाळेत असे काहीतरी रोज घडत असते. रसायन अशुद्ध असते, भांडे नीट धुतलेले नसते, तापमान चुकते. अनपेक्षित रंग दिसला की बहुतेक जण भांडे रिकामे करतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्या दिवशी भांड्यापाशी उभे असलेले चौतीस वर्षांचे प्राध्यापक प्रफुल्लचंद्र राय यांनी तसे केले नाही. ते स्फटिक बाजूला काढून त्यांची परीक्षा त्यांनी सुरू केली. आधुनिक भारतातल्या रसायन-संशोधनाचा इतिहास सांगायचा तर त्या स्फटिकांपासून सुरुवात करावी लागते.

त्यांचे नाव मर्क्युरस नायट्राइट. या क्षारापासून कोणते औषध निघाले नाही की कारखाना उभा राहिला नाही. पाण्यात टाकला तर तो मोडतो, तापवला तर मोडतो, ज्या आम्लात जन्मला त्यातच राहू दिला तरी हळूहळू नाहीसा होतो. अशा क्षणभंगुर पदार्थाने एका माणसाचे आयुष्य आणि एका देशातल्या विज्ञानशाखेची दिशा कशी बदलली, ते पाहण्यासारखे आहे.

एडिंबरो ते कलकत्ता

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१चा, तेव्हाच्या जेसोर जिल्ह्यातील राडुली गावचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. १८८२ साली गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरो विद्यापीठात गेले. तिथे अलेक्झांडर क्रम ब्राऊन यांच्यासारखा गुरू मिळाला. तांबे, मॅग्नेशियम आणि त्यांच्या जवळच्या धातूंच्या दुहेरी सल्फेटांवर प्रबंध लिहून १८८७मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी घेतली. म्हणजे त्यांचे शिक्षणच मुळात अकार्बनी क्षारांच्या स्फटिकांवर नजर ठेवण्याचे होते.

१८८८मध्ये ते परतले. ब्रिटनमध्ये मिळालेल्या सन्मानाला इथल्या सरकारी नोकरीत किंमत नव्हती. शिक्षणखात्यातल्या वरच्या श्रेणीच्या जागा गोऱ्यांसाठी जवळजवळ राखीव होत्या. जवळपास वर्षभर ते बेकार होते आणि त्यांचा बराचसा मुक्काम जगदीशचंद्र बोस यांच्या घरी असे. १८८९च्या जुलैमध्ये प्रेसिडेन्सीत नेमणूक झाली ती हंगामी, महिना अडीचशे रुपयांवर. तेवढ्याच पात्रतेच्या इंग्रज माणसाला किती अधिक मिळाले असते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली, तेव्हा आयुष्यात दुसरेही मार्ग मोकळे आहेत अशा अर्थाचे उत्तर मिळाले. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि अपमान विसरलेही नाहीत.

सुरुवातीची वर्षे बाजारातले तूप आणि मोहरीचे तेल तपासण्यात गेली. भेसळ ओळखायची तर शुद्ध नमुना हवा, म्हणून त्यांनी दूध आपल्या समोर काढून घेतले, तूप कढवून घेतले, मोहरी समोर गाळून घेतली. या कामावरचा निबंध १८९४मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. त्याच वर्षी कॉलेजच्या रसायनशाखेला नवी, नीट हवा खेळणारी प्रयोगशाळा मिळाली. विभागाचे प्रमुख अलेक्झांडर पेडलर आणि राय या दोघांनी तिच्यासाठी जिवापाड प्रयत्न केले होते आणि तिच्या आखणीसाठी एडिंबरोच्या प्रयोगशाळेचा नकाशा समोर ठेवला होता.

नव्या प्रयोगशाळेत रायबाबूंनी हाती घेतलेले काम मात्र पाऱ्याचे नव्हते. मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीत तेव्हा कितीतरी घरे रिकामी होती. भारतातल्या दुर्मीळ खनिजांत त्यांतले एखादे मूलद्रव्य सापडेल, अशी त्यांना आशा होती. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे थॉमस हॉलंड त्यांना नमुने पुरवत होते. ते विश्लेषण चालू असतानाच हे पिवळे स्फटिक मध्ये आले, आणि खनिजे मागे पडली. नवे मूलद्रव्य शोधायला निघालेल्या माणसाने हातातले मोठे स्वप्न बाजूला ठेवून, समोर आलेल्या लहानशा कोड्याचा पाठपुरावा केला. हे म्हणायला सोपे वाटते. ज्याने कधी संशोधन केले आहे त्याला हा निर्णय किती कठीण असतो ते माहीत असते.

शंका कुठे आली

या शोधाची गोष्ट सांगताना ‘योगायोगाने लागलेला शोध’ असे म्हणण्याची पद्धत आहे. स्फटिक दिसले हा योगायोग मानू. पुढचे सगळे विचाराचे काम होते, आणि तो विचार शाळेतल्या मुलालाही समजेल इतका स्वच्छ आहे.

पिवळा पदार्थ दिसल्यावर रायबाबूंच्याही मनात पहिला तर्क तोच आला, जो त्या काळच्या कुणाही रसायनज्ञाच्या मनात आला असता. पाऱ्याचे क्षार पाण्याशी सहज अभिक्रिया करतात आणि त्यातून पिवळसर ‘बेसिक’ क्षार, म्हणजे ज्यात काही भाग आम्लाऐवजी ऑक्सिजन किंवा हायड्रॉक्साइडशी बांधलेला असतो असे क्षार, खाली बसतात. हा त्यांतलाच एक असावा. पण असे क्षार आम्ल कमी असेल तिथेच तयार होतात. इथे तर भांड्यात तीव्र आम्लधर्मी द्रावण होते. त्यात बेसिक क्षार टिकणार कसा? तर्क आणि निरीक्षण जुळत नव्हते, आणि ही विसंगती त्यांनी गांभीर्याने घेतली.

मग परीक्षा. पाऱ्याचे क्षार दोन प्रकारचे, मर्क्युरस आणि मर्क्युरिक. मर्क्युरस क्षाराच्या द्रावणात मीठ घातले की पांढरे कॅलोमेल खाली बसते आणि त्यावर अमोनिया घातला की ते काळे पडते. मर्क्युरिक क्षार असे वागत नाही. नायट्राइट ओळखण्याची खूणही तितकीच सोपी. नायट्राइटवर आम्ल टाकले की तपकिरी धूर निघतो. या पिवळ्या पदार्थाने दोन्ही परीक्षा दिल्या. तो मर्क्युरस होता आणि नायट्राइटही होता.

इथे कोडे सुटले नाही, उलट अधिक अवघड झाले. नायट्राइट आणि आम्ल यांचे मुळीच पटत नाही. आम्लात नायट्राइटचे नायट्रस आम्ल होते, आणि ते लगेच मोडून नायट्रिक ऑक्साइड वायू आणि नायट्रिक आम्ल बनते. असे असताना नायट्रिक आम्लाच्याच भांड्यात नायट्राइटचे स्फटिक वाढत होते. पाऱ्यात आणि तशा आम्लात होणाऱ्या क्रियेतून हा क्षार वेगळा काढून तो काय आहे हे रीतसर सिद्ध करणारे राय हे पहिले.

दोन अस्थिर भागांचा एक क्षार

आज आपल्याला या क्षाराचे अंतरंग बरेच स्पष्ट दिसते, म्हणून त्याचे रसायन जरा सावकाश पाहू.

पारा साध्या तापमानाला द्रव असतो, कारण त्याच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतले दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाने फार घट्ट धरून ठेवलेले असतात आणि शेजारच्या अणूंशी बंध करायला ते सहज तयार नसतात. रासायनिक क्रियेत पारा हे दोन्ही इलेक्ट्रॉन देतो तेव्हा मर्क्युरिक आयन बनतो. पण पाऱ्याचा एक वेगळाच मार्गही आहे. दोन अणू एकत्र येतात, प्रत्येक जण एकेक इलेक्ट्रॉन देतो आणि उरलेल्या एकेकाने एकमेकांशी बंध जोडतात. ही जोडी म्हणजे मर्क्युरस आयन. दोन धातू-अणूंच्या थेट बंधावर उभा असलेला आणि पाण्यात टिकणारा असा साधा आयन रसायनशास्त्रात विरळाच.

ही जोडी टिकते, पण जेमतेम. परिस्थिती थोडी बदलली की ती फुटते, आणि तेही समसमान नाही. एक अणू गेलेला इलेक्ट्रॉन परत घेऊन पुन्हा धातूरूप पारा होतो, तर दुसरा आपला उरलेला इलेक्ट्रॉनही गमावून मर्क्युरिक होतो. दोन भावांच्या वाटणीत एकाच्या पदरात सगळे आणि दुसरा रिकाम्या हाताने घराबाहेर, असा हा प्रकार. मर्क्युरिक आयनाला घट्ट धरून ठेवणारे काही द्रावणात असेल, तर ही वाटणी अधिकच जोराने होते. अमोनिया, सल्फाइड, सायनाइड हे सगळे मर्क्युरस आयनाला असेच फोडतात. नायट्राइटही मर्क्युरिक पाऱ्याला चांगलाच धरून ठेवतो. म्हणून मर्क्युरस नायट्राइट पाण्यात घातला की करड्या रंगाचा धातूरूप पारा वेगळा होतो आणि द्रावणात मर्क्युरिक नायट्राइट उरतो. राय यांनी हे विघटन बारकाईने तपासले आहे.

आता दुसरा भाग पाहू. नायट्राइटमधला नायट्रोजनही असाच मध्येच उभा आहे. त्याला आणखी ऑक्सिजन मिळाला तर तो नायट्रेट होतो, काढून घेतला तर नायट्रिक ऑक्साइड. म्हणजे मर्क्युरस नायट्राइटचे दोन्ही घटक मधल्या अवस्थेत अडकलेले, दोघेही वर किंवा खाली जायला टपलेले. असे दोन अस्थिर भाग एकत्र येऊन बनलेला क्षार स्फटिकरूपात हाती लागावा, यातच या शोधाचे रासायनिक महत्त्व आहे.

तो आम्लात तयार होतो कसा? नायट्रिक आम्ल पाऱ्यातून इलेक्ट्रॉन काढून घेते, तेव्हा आम्लाचे स्वतःचे क्षपण होऊन नायट्रस आम्ल बनते. ही क्रिया पाऱ्याच्या पृष्ठभागाशी घडते. पारा भरपूर असल्यामुळे मर्क्युरिक आयनाला वाव राहत नाही, मर्क्युरस आयनच मिळतो. आम्ल सौम्य आणि थंड असल्यामुळे नायट्रस आम्लाला मोडायला वेळ लागतो. नेमक्या त्याच जागी मर्क्युरस आयन आणि नायट्राइट यांची गाठ पडते आणि त्यांचा क्षार चटकन विरघळणारा नसल्याने तो घनरूप होऊन बाजूला पडतो. द्रावणात ज्याचा टिकाव लागला नसता, तो घनरूपात काही काळ वाचतो. काही काळच, कारण स्फटिक त्याच द्रावणात राहू दिले तर आम्ल त्यांना पुन्हा खाते आणि शेवटी अपेक्षित असलेला रंगहीन मर्क्युरस नायट्रेटच उरतो. पिवळे स्फटिक वेळीच बाहेर काढले नसते, तर पुराव्यासाठीही शिल्लक राहिले नसते.

अस्थिरतेचे इतर प्रकार

पाऱ्याच्या अस्थिर संयुगांत सर्वांत कुप्रसिद्ध आहे मर्क्युरी फल्मिनेट. इंग्रज रसायनज्ञ एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० साली त्याचे वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याच्या प्रयोगांत ते स्वतः जखमी झाले होते. या कामाबद्दल त्यांना सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. फल्मिनेटला आघात किंवा घर्षण पुरते आणि त्याचा स्फोट होतो. याच गुणामुळे एकोणिसाव्या शतकात बंदुकीच्या टोप्यांत आणि पुढे आल्फ्रेड नोबेल यांच्या डिटोनेटरमध्ये त्याला जागा मिळाली. खाणी, बोगदे, युद्धे या सगळ्यांशी त्याचा संबंध आला. विसाव्या शतकात त्याची जागा लेड अझाइडसारख्या पदार्थांनी घेतली. गंमत अशी की, शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात असलेल्या या पदार्थाची स्फटिकरचना निश्चित व्हायला २००७ साल उजाडले.

त्याच २००७ साली पाऱ्याचे आणखी एक अस्थिर संयुग दिसल्याची बातमी आली, मर्क्युरी टेट्राफ्लोराइड. पाऱ्याचा एक अणू चार फ्लोरिन अणूंशी जोडलेला. असे संयुग असू शकेल हे गणिताने १९९३मध्येच सांगितले होते. प्रत्यक्षात ते उणे २६९ अंश सेल्सियसला, गोठवलेल्या निऑन वायूत, केवळ प्रकाशाच्या वर्णपटावरून ओळखता आले. बाटलीत भरून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

एक क्षणात स्फोट होणारा, एक फक्त अतिशीत निऑनमध्ये तगणारा. रायबाबूंचा पिवळा क्षार या दोघांपेक्षा वेगळा आहे. तो आवाज न करता मोडतो. त्याला पाहायला ना जाड भिंती लागल्या, ना महागडी यंत्रे. नजर आणि तत्परता मात्र लागली. कलकत्त्यासारख्या ठिकाणी, पारतंत्र्यात, तुटपुंज्या साधनांवर काम करणाऱ्या माणसाकडे नेमक्या याच दोन गोष्टी होत्या.

नायट्राइटचा पाठपुरावा

१८९६मध्ये मर्क्युरस नायट्राइटवरचा निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. जर्मनीच्या अकार्बनी रसायनशास्त्राच्या नियतकालिकानेही तो छापला. लंडनच्या ‘नेचर’ने २८ मे १८९६च्या अंकात त्याची दखल घेतली. परदेशातून लहानशी का होईना पोच मिळणे, ही तेव्हा भारतात काम करणाऱ्या संशोधकासाठी फार मोठी गोष्ट होती.

अनेक जण इथे थांबले असते. रायबाबूंनी या एका क्षारातून पुढचा कार्यक्रमच आखला. मर्क्युरस नायट्राइट कोणत्या परिस्थितीत बनतो, तापवल्यावर त्याचे काय होते, सेंद्रिय आयोडाइडांशी तो कसा वागतो, त्याच्यापासून हायपोनायट्राइट मिळतो का, असे प्रश्न एकामागून एक हाताळले गेले. त्या वेळी नायट्राइट आणि हायपोनायट्राइट यांवर अधिकारी मानले जाणारे एडवर्ड डायव्हर्स दीर्घकाळ टोकियोत काम करत होते. मर्क्युरस नायट्राइटच्या रसायनावर त्यांनीही लेखन केले. आशिया खंडातल्या दोन शहरांतून एकाच लहानशा विषयावर विचार चालू होता.

मग पाऱ्याला सोडून ते इतर धातूंच्या नायट्राइटांकडे वळले आणि तिथून अमोनियम नायट्राइटकडे. हा पदार्थ तापवला की नायट्रोजन आणि पाणी मिळते, हे सर्वांना माहीत होते. वायुरूपात तो अखंड राहू शकेल, असे कुणाला वाटत नव्हते. राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्वातात, अत्यंत काळजीपूर्वक तापवून त्याचे बाष्प मिळवले आणि त्या बाष्पाची घनता मोजून दाखवली. १९१२मध्ये साम्राज्यातील विद्यापीठांच्या परिषदेसाठी ते लंडनला गेले, तेव्हा केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हे काम मांडले. विल्यम रॅम्झींसारख्या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने तिथे त्यांचे अभिनंदन केले. पिवळ्या स्फटिकांपासून सतरा वर्षांत ते इथपर्यंत आले होते. विषय तोच होता. जो पदार्थ मोडतो असे सगळे म्हणतात, तो न मोडता कसा हाताळायचा.

जोडीचा पुरावा, त्याच शहरातून

मर्क्युरस क्षारात पाऱ्याचा एकेक अणू असतो की जोडी असते, हा प्रश्न १८९५मध्ये वादाचा होता. १८९८मध्ये अलेक्झांडर ऑग यांनी द्रावणांचे विद्युत-रासायनिक मापन करून जोडीच्या बाजूने पुरावा दिला. पण बंध ‘दिसला’ नव्हता.

तो दिसला कसा, हे सांगताना गोष्ट पुन्हा कलकत्त्यात येते. १९१६मध्ये राय प्रेसिडेन्सीतून निवृत्त होऊन कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या सायन्स कॉलेजात रसायनाचे पालित प्राध्यापक झाले. तिथेच पुढच्या वर्षी भौतिकशास्त्राचे पालित प्राध्यापक म्हणून चंद्रशेखर वेंकट रामन आले. रामन यांनी १९२८मध्ये, बहूबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत, प्रकाशाच्या विकिरणाचा जो परिणाम शोधला तो आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला की विखुरलेल्या प्रकाशात त्या पदार्थातल्या बंधांच्या कंपनांची खूण उमटते. १९३४मध्ये वुडवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच पद्धतीने मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणाचा वर्णपट घेतला आणि दोन पारा-अणूंमधल्या बंधाची रेषा त्यात मिळाली. पुढे १९८६मध्ये जपानी स्फटिकशास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी खुद्द मर्क्युरस नायट्राइटची रचना ठरवली. त्या पिवळ्या स्फटिकात दोन पारा-अणू एकमेकांना जोडलेले आणि दोन्ही टोकांना ऑक्सिजनमार्फत बांधलेले नायट्राइट गट आहेत. भांड्यात तो क्षार पहिल्यांदा ओळखला गेल्याला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.

पाऱ्याचा जुना वारसा

पाऱ्याशी असलेले नाते रायबाबूंना इतिहासातही घेऊन गेले. आपल्याकडच्या रसशास्त्रात पारा केंद्रस्थानी आहे. त्याचे शोधन, मारण, गंधकाशी संयोग, ऊर्ध्वपातनाची यंत्रे यांचे वर्णन ‘रसार्णव’, ‘रसरत्नसमुच्चय’ अशा ग्रंथांत येते. यातला ‘रसरत्नसमुच्चय’ पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला, ही मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

फ्रान्सचे ज्येष्ठ रसायनज्ञ मार्सेलँ बर्तलो यांनी ग्रीक आणि अरबी किमयेच्या इतिहासावर मोठे काम केले होते. त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारातून राय यांना भारतीय रसायनाचा इतिहास लिहिण्याची प्रेरणा मिळाली. या ग्रंथाचा पहिला खंड १९०२मध्ये आणि दुसरा १९०९मध्ये आला. त्यांनी जुन्या ग्रंथांचे गोडवे गाऊन सोडून दिले नाही. कोणत्या पोथीत कोणती कृती आहे, तिच्यातून रसायनदृष्ट्या काय मिळेल, हे तपासले. आणि हाताने काम करणाऱ्या कारागिराला समाजाने खालचे स्थान दिले, त्यामुळे ‘कसे’ आणि ‘का’ विचारणारी बुद्धी प्रत्यक्ष कामापासून तुटली, म्हणून आपल्याकडे प्रयोगशील विज्ञान सुकले, असा स्पष्ट निष्कर्षही त्यांनी लिहून ठेवला. जातिव्यवस्थेवरचा हा आरोप एका रसायनज्ञाने रसायनाच्या ग्रंथात केला आहे, हे विसरता कामा नये.

गोखल्यांचे शेजारी

१९०१-०२च्या हिवाळ्यात मोहनदास गांधी कलकत्त्यात महिनाभर गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घरी राहिले होते. राय शेजारीच राहत आणि गोखल्यांकडे वारंवार येत. फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षे शिकवलेल्या गोखल्यांना या प्राध्यापकाची किंमत कळत होती. त्यांनी गांधीजींना त्यांची ओळख करून दिली ती अशी की, हे गृहस्थ महिना आठशे रुपये पगारातले केवळ चाळीस स्वतःसाठी ठेवतात आणि बाकीचे समाजाला देतात. गांधीजींनी हा प्रसंग आत्मकथेत नोंदवला आहे. कोकणातल्या कोतळूकचा माणूस आणि जेसोरचा माणूस यांची ही मैत्री दोघांच्याही चरित्रांत ठळक आहे.

पैसा स्वतःकडे न ठेवणारा हा माणूस उद्योजकही होता. अवघ्या सातशे रुपयांच्या भांडवलावर १८९२मध्ये त्यांनी औषधनिर्मिती सुरू केली. १९०१मध्ये त्याची ‘बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’ ही मर्यादित कंपनी झाली. तिचा मुंबईतला कारखाना प्रभादेवीला १९३८मध्ये सुरू झाला. आजही त्या भागातले जुने रहिवासी पत्ता सांगताना ‘बेंगॉल केमिकल’चे नाव घेतात. ते नाव ज्याने दिले त्याचे नाव मात्र त्या रस्त्यावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

पण रायबाबूंची खरी गुंतवणूक विद्यार्थ्यांत होती. बंगाल सरकारने १९००मध्ये संशोधनासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्यावर जतींद्रनाथ सेन हे त्यांच्याकडे आले आणि पाऱ्याच्या नायट्राइटवरच काम करू लागले. त्यांच्यानंतर पंचानन नियोगी, रसिकलाल दत्त, नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे पुढे भौतिकशास्त्रात जगप्रसिद्ध झाले, पण प्रेसिडेन्सीत रसायन त्यांनी रायबाबूंकडे शिकले. धर, घोष, मुखर्जी यांनी पुढे भौतिक रसायनशास्त्राच्या अभ्यासाला या देशात भक्कम पाया दिला. १९२४मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष राय झाले. साठी पूर्ण झाल्यावर त्यांनी विद्यापीठाचा पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. रसायनातल्या उत्तम संशोधनासाठी १९२२मध्ये त्यांनी पारितोषिकाकरता देणगी दिली आणि त्याला पाऱ्याच्या प्राचीन अभ्यासकाचे, नागार्जुनाचे नाव दिले. सायन्स कॉलेजातल्याच एका साध्या खोलीत ते राहत आणि १६ जून १९४४ला तिथेच त्यांचे निधन झाले. २०११मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्यांच्या स्मरणार्थ रसायनशास्त्रातील ऐतिहासिक स्थळाचा फलक दिला. युरोपाबाहेर दिलेला तो पहिला फलक.

शिकवायचे काय

आपल्या शाळांत प्रफुल्लचंद्र राय हे नाव येते तेव्हा ‘मर्क्युरस नायट्राइटचा शोध’ एवढी एक ओळ येते. परीक्षेत रिकामी जागा भरायला ती पुरते. मर्क्युरस म्हणजे काय, नायट्राइट म्हणजे काय, त्यांचे एकत्र येणे नवलाचे का, यातले काहीच मुलांपर्यंत पोचत नाही. परिणामी हा शोध एखाद्या पदकासारखा होतो, त्यातला विचार हरवतो. तो विचार दहावीच्या विज्ञानाच्या आवाक्यातला आहे. पदार्थ पिवळा दिसला. पहिला अंदाज बेसिक क्षाराचा. पण द्रावण आम्लधर्मी आहे, मग अंदाज चुकला असणार. चला, परीक्षा करू. एवढ्या चार पायऱ्यांत वैज्ञानिक पद्धतीचे सार आहे, आणि ते आपल्याच देशातल्या खऱ्या प्रयोगातून शिकवता येते.

तो प्रयोग मात्र वर्गात किंवा घरी करायचा नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. पाऱ्याची वाफ आणि त्याचे विद्राव्य क्षार विषारी आहेत. एका शतकापूर्वी उघड्या भांड्यांत जे चालले ते आज चालू नये. पाऱ्याच्या वापरावर आणि प्रदूषणावर आळा घालणारा मिनामाता करार २०१७पासून अमलात आहे. रायबाबूंची नजर घेण्यासाठी पाऱ्याची गरज नाही. मीठ, तुरटी, मोरचूद यांचे स्फटिक वाढवतानाही ती घेता येते.

शिक्षकांना आणि पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. मर्क्युरस नायट्राइटची ती एक ओळ काढून टाका आणि तिच्या जागी एक पान द्या. मुलांना त्या भांड्यापाशी उभे करा आणि विचारा, तुम्ही असता तर काय केले असते? ज्या वर्गात प्रयोग चुकल्यावर ‘उत्तर बरोबर लिही आणि पुढे चल’ असे सांगितले जाते, त्या वर्गातून दुसरा प्रफुल्लचंद्र निघणार नाही. चुकलेल्या रंगापाशी मुलाला थांबू द्या.